टोपीवर ठेवलेली टोपी

हो, मी टोपीच. पांढरी, सुती, दोन्ही टोकांना निमुळती. आणि आधीच सांगून टाकते, मी फार जळकी आहे. दुसऱ्या टोप्या आपापल्या धन्याचं कौतुक सांगत असतील. माझ्या गोष्टीत मात्र जे काही चांगलं घडलं ते बहुतेक दुसऱ्याच टोपीच्या वाट्याला गेलं.

माझा जन्म सोलापुरातला. ईरम्मा नावाची बाई घरी बसून मशीनवर टोप्या शिवते, डझनाच्या हिशोबानं. आमचं कापड पातळ, टाका एकेरी, आणि खळ मात्र भरपूर. मी अजून तिच्या मशीनशेजारी पडलेली असतानाच तिनं आमचा गठ्ठा बाजूला सारला आणि जाड खादीचा एक तुकडा हातात घेतला. सासऱ्यासाठी टोपी शिवायची होती. तिनं त्यांच्या डोक्याचं माप घेतलं, दुहेरी टाका घातला, शिवून झाल्यावर वरून दोनदा हात फिरवला. म्हातारा जुना गिरणी कामगार. भोंगा झाला की गिरणीच्या दारातून अख्खा रस्ता पांढरा व्हायचा, तेव्हा बोडक्या डोक्याचा माणूस शोधावा लागायचा, असं तो सुनेला रोज सांगायचा. ते ऐकून मी मनात म्हणायचे, माझं माप कुणाच्या डोक्यावरून घेतलं? कुणाच्याच नाही. मला जळायला त्या खादीच्या तुकड्यानंच शिकवलं.

आम्ही आहेराच्या टोप्या. आमच्याकडे लग्नात पाहुण्याचा मान करायचा म्हणजे टॉवेल-टोपी लागते. माईकवर नाव पुकारतात, माणूस पुढं येतो, त्याच्या खांद्यावर टॉवेल टाकतात आणि डोक्यावर टोपी ठेवतात. पण त्या डोक्यावर आधीचीच एक टोपी असते. मग मला तिच्यावर ठेवतात! खालची टोपी केसांना आणि तेलाला चिकटून आरामात बसलेली, आणि मी तिच्या उरावर उपरी. चार पावलं गेला की तो माणूस मला काढतो, घडी घालतो आणि पिशवीत टाकतो. घरी गेले की पेटी. पेटीतून पुढचं लग्न, पुढचा पाहुणा. तरणी पोरं तर केसांची ठेवण बिघडेल म्हणून डोकं मागं घेतात आणि मला हातातच धरतात. मैंदर्गी झाली, दुधनी झाली, पुन्हा सोलापूर झालं. अकरा लग्नं फिरले मी. एवढ्या सगळ्यात डोक्यावर मिळून किती वेळ राहिले असेन? एक पंगत उठायला लागतो तेवढाही नाही.

फिरत फिरत मी सांगोल्याजवळच्या एका वाडीत, गुंडातात्यांच्या घरी पोचले. सत्तरी ओलांडलेला माणूस, बारा-पंधरा मेंढरं, डाळिंबाची थोडी झाडं. त्यांची बायको केराबाई. तिनं मला टॉवेलांच्या थप्पीत घातलं आणि पेटीचं झाकण लावलं. पेटीच्या बिजागरीपाशी एक फट होती. त्या फटीतून समोरची खुंटी दिसायची, आणि खुंटीवर ती.

ती म्हणजे तात्यांची रोजची टोपी. दिसायला काही नाही हो. काठाला तेलाची पट्टी, मध्ये सुरकुत्या. पण तात्या सकाळी उठले की आधी तिला हात घालत, मग चुलीपाशी जात. तिनंच घाम पुसायचे, तिनंच वारा घ्यायचे. एसटीचं तिकीट तिच्या घडीत. झाडाखाली लवंडले की ती डोळ्यांवर. एकदा तर गळून पडलेली चार डाळिंबं त्यांनी तिच्यात घालून आणली आणि तिला लाल डाग पडला. मला इतका राग आला की विचारू नका. माझ्यावर एक डागसुद्धा नाही! लोक नव्या टोपीला कोरी म्हणून मिरवतात. कोरं असणं म्हणजे काय ते पेटीत राहून बघा.

त्या टोपीला एक शिवण होती, घडीच्या आत, काळ्या दोऱ्याची. तात्यांची नात ऋतुजा सोलापूरला नोकरी करते. ती सुट्टीला आली तेव्हा म्हणाली, आजी, ही फाटकी टोपी टाकून दे, पेटीत नवी पडली आहे की. माझं काळीज उड्या मारायला लागलं. पण केराबाई म्हणाली, ती टाकायची नाही, आणि मग तिनं कारण सांगितलं.

तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात वाडीवर टँकर यायचा. बॅरल आधी कुणाचं लावायचं यावरून तात्यांचं आणि त्यांच्या चुलतभावाचं, सयाजीचं, भांडण झालं. सयाजी वयानं धाकटा, तापट. त्यानं सगळ्यांदेखत हात उगारला आणि तात्यांची टोपी चिखलात पडली. गर्दीच्या पायाखाली येऊन फाटली. तात्यांनी ती उचलून घरी आणली. घरात पांढरा दोरा नव्हता म्हणून केराबाईनं काळ्यानं शिवली. चिखल कितीही धुतला तरी तांबूस डाग राहिलाच. त्या दिवसापासून दोघा भावांचं बोलणं बंद. घरं समोरासमोर, आणि तात्या रोज तीच टोपी घालून सयाजीच्या दारावरून जात.

एवढा अपमान वाट्याला आलेल्या टोपीची कुणालाही दया आली असती. मला नाही आली. मला वाटलं, निदान तिच्यासाठी भांडायला कुणीतरी आहे.

यंदा सयाजीच्या नातीचं, आरोहीचं लग्न ठरलं. सयाजीची बायको बजाबाई पत्रिका घेऊन स्वतः आली. तात्या नाही म्हणाले. केराबाईनं दोन दिवस धोशा लावला, बोलायचं नसलं तर बोलू नका, पण घरातला आहेर चुकवायचा नाही. शेवटी ते कबूल झाले. लग्नाच्या आदल्या दिवशी केराबाईनं त्यांची टोपी धुतली, नीळ दिली, खळ दिली आणि घडी घालून पेटीतल्या टॉवेलांखाली दाबून ठेवली. तिची इस्त्री तीच. अशी ती पहिल्यांदाच माझ्या शेजारी आली. धुऊनसुद्धा तिला तात्यांच्या तेलाचा वास होता. मी तोंड फिरवलं.

सकाळी एकच घाई. दारात जीप उभी. केराबाईनं चष्मा न लावताच पेटीत हात घातला, एक टॉवेल आणि एक टोपी काढून पिशवीत भरली, आणि दुसरी टोपी तात्यांच्या हातात दिली.

दुसरी म्हणजे मी.

तात्यांनी मला डोक्यावर घातलं. खाली टोपी नव्हती. खाली केस होते, विरळ, उबदार. काय सांगू! जीपमध्ये बसता बसता ते म्हणाले की आज आवळतेय. केराबाई म्हणाली, खळ जास्त झाली असेल. मी जीव खाऊन सैल व्हायचा प्रयत्न केला.

मांडवात आहेर करायला माईकवर तात्यांचं नाव पुकारलं. सयाजी गुलाबी फेटा बांधून उभा होता. तात्या त्याच्याकडे न बघताच पुढं गेले, खांद्यावर टॉवेल टाकला, आणि पिशवीतली टोपी रीतीप्रमाणे त्याच्या फेट्यावर ठेवून वळले. सयाजीनं ती उतरवून हातात घेतली. बोटांना काहीतरी लागलं असावं. त्यानं घडी उलगडली. काळा दोरा. तांबूस डाग.

मग त्यानं फेटा उतरवून बजाबाईच्या हातात दिला आणि ती टोपी डोक्यावर घातली. त्याचे डोळे भरले होते.

"दादा," तो म्हणाला, "त्या दिशी मी हिला चिखलात पाडली. अन् आज तू हीच माज्या डोक्यावर ठिवलीस."

तात्यांचा हात झटकन वर आला आणि मला लागला. तेव्हा त्यांना कळलं. केराबाईनं पदर तोंडाला लावला होता. आता नुसतं 'चुकून आली' म्हणायचा अवकाश, की ती टोपी परत आणि मी पेटीत. मी तात्यांच्या कपाळाला घट्ट धरून बसले. जन्मभरात कधी देवाला हात जोडले नव्हते, त्या दिवशी जोडले.

तात्यांनी हात खाली घेतला.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "बसतीया तुला."

तीन वर्षांत सयाजीशी बोललेले ते पहिले शब्द. मग दोघे शेजारी बसून जेवले.

तुम्ही म्हणाल, मिळालं ना हवं ते? छे. घरी आल्यावर तात्यांनी मला खुंटीवर टांगलं आणि केराबाईवर चिडले. सयाजीकडून टोपी माघारी आणू का, असंही एकदा विचारलं. "दिल्याला आहेर कुनी परत मागतंय व्हय?" केराबाई म्हणाली. मग आठ दिवस तात्या बोडक्या डोक्यानं मेंढरांमागे गेले. पुढं मला घातलं तरी त्यांची बोटं घडीच्या आत तो काळा दोरा शोधायची. खुंटीची जागा मिळाली होती, पण ती तिची जागा होती. शिवाय सगळ्या वाडीत नाव तिचंच. तिनं भाऊ जोडले म्हणे! मी काय केलं? शेजारी पडले होते.

गेल्या रविवारी दोघे भाऊ बिरोबाच्या देवळात गेले. आत जाताना दोघांनी टोप्या काढल्या आणि पायरीवर ठेवल्या, एकीला लागून एक. मी तिच्याकडं बघितलं नाही. तिनं बघितलं असेल तर माहीत नाही.

दर्शन घेऊन तात्या आधी बाहेर आले, वाकले, आणि त्यांनी तिला उचललं.

सवयीनंच उचललं असेल. पण मग त्यांनी ती उलटी केली, काळ्या दोऱ्यावरून अंगठा फिरवला, आणि उभेच राहिले. मी पायरीवर. मला वाटलं, संपलं. कोरी आले होते, कोरीच पेटीत जाणार. तेवढ्यात सयाजी मागून आला. त्यानं बघितलं, आणि मान खाली घातली. आहेरातली अदलाबदल तोही समजला असावा. कदाचित मांडवातच समजला असेल.

"वाकला हाईस तसाच ऱ्हा," तात्या म्हणाले, आणि त्यांनी ती टोपी स्वतःच्या हातानं सयाजीच्या डोक्यावर ठेवली. नीट, दोन्ही टोकं सरळ करून. "ह्या खेपंला चुकून न्हाय."

मग त्यांनी मला उचललं. ऊन लई होतं. त्यांनी माझ्यानं कपाळ पुसलं, मान पुसली, आणि मग मला डोक्यावर घातलं.

आता माझ्या काठाला तेलाची पट्टी धरायला लागली आहे. परवा घडीत एसटीचं तिकीट होतं. तुमच्याही पेटीत टॉवेलांच्या थप्पीखाली माझ्या बहिणी असतील. एखादीला काढा, घाला, मळवा. एवढंच मागणं आहे.

आणि ती? रोज समोरच्या दारात दिसते, सयाजीच्या डोक्यावर. दिसली की मी अजून जळते. पण आता डोक्यावर बसून जळते.