तुळसाबाईच्या पापणीतला मी

मी एक रिसेप्टर आहे, शरीरातला निरोप घेणारा. जुना म्हणावं, तर माझं आयुष्य थोड्याच दिवसांचं. एक विरतो, त्याच्या जागी दुसरा येतो. पण काम तेच चालत आलं आहे, म्हणून आमच्या सगळ्यांची गोष्ट मी एकटाच सांगतो.

मित्रांनो, मी प्रथिनाचा बनलो आहे. राळेगावकडच्या एका खेड्यात तुळसाबाई राहायची. तिच्या स्नायूंवर माझी जागा होती. हात उचल, पापणी उघड, घास गिळ, असा निरोप मज्जातंतूकडून यायचा. तो मी घ्यायचो, मग स्नायू हलायचा.

कापूस वेचताना तुळसाबाईची कमरेला बांधलेली कापडी ओटी सगळ्यांच्या आधी भरायची. लोक तिच्या हातांचं कौतुक करत. ते योग्यच होतं. मला कोण पाहतो?

पन्नाशीनंतर तिच्या शरीराच्या राखणदारांची चूक झाली. जंतूंना मारायचं सोडून ते मलाच शत्रू समजू लागले. नवा बसण्याआधी जुना तोडला जाई. निरोप यायचे, घ्यायला कुणी नसायचं.

सकाळी मात्र ती ठीक असायची, कारण झोपेच्या विसाव्यात निरोप साठलेले असत. दुपारनंतर ते पुरत नसत. डावी पापणी खाली यायची. रात्रीची भाकर ती हनुवटीला हाताचा आधार देऊन चावायची.

शेजारची रामीबाई म्हणायची, "काहून वं तुळसा, उभ्या उभ्या झोपून राह्यली काय?"

तुळसाबाई हसायची. हसू अर्धंच यायचं.

तिचा नवरा नागोराव तिला दवाखान्यात न्यायचा, पण नेहमी पहिल्या एसटीने. नंबर लवकर लागतो आणि दुपारी येऊन बैलांना पाणी दाखवता येतं, अशी गावाची रीत. झोप झालेली, वेणी घातलेली तुळसाबाई डॉक्टरांसमोर बसायची तेव्हा पापण्या उघड्या असत, मूठ घट्ट असे. डॉक्टर ताकदीच्या गोळ्या देत.

एकदा गाडी वाटेत बंद पडली. उन्हात ताटकळून दोघं दिवस कलल्यावर पोचले. त्या वेळी नव्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी तिला वर बघत राहायला सांगितलं. पापण्या हळूहळू मिटत गेल्या. मग त्यांनी पापणीवर बर्फाची पिशवी ठेवली, आणि काढल्यावर पापणी उघडली. गारव्यात निरोप जास्त टिकतो. बाईंना संशय आला, रक्त तपासलं, रोग सापडला. गोळ्या लागू पडल्या. तुळसाबाई पुन्हा ओटी बांधून शेतात गेली.

बाईंनी बजावलं होतं, की गिळताना ठसका लागला किंवा दम लागला, तर वेळ बघू नका, निघा.

यंदा हिवाळ्यात तिला खोकला झाला आणि त्यात जुना रोग उसळला. दिवेलागणीला प्यायलेलं पाणी नाकातून परत आलं. नागोराव उठला. तिने त्याचा हात धरला.

"सकाऊन जाऊ. सकाऊन मी बरी राह्यतो."

तो खाली बसला. इतकी वर्षं सकाळी ती बरी असायची, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. पण श्वासाचा पडदासुद्धा स्नायूच असतो आणि तिथेही मीच होतो. निरोप येत राहिले. मी फार थोडा उरलो होतो.

सकाळची पहिली एसटी फाट्यावर थांबली आणि निघून गेली.

तुळसाबाईबरोबर तिच्यातला मी संपलो. नागोरावमध्ये मी अजून आहे. तिची ओटी खुंटीवर आहे, तो ती काढत नाही. मागच्या आठवड्यात सांजवेळी रामीबाईला धाप लागली. तिचा आजार निराळा होता. घरचे म्हणाले, सकाळी पाहू. नागोरावने ते ओट्यावरून ऐकलं. मी निरोप घेतला, त्याचे पाय उठले. तो गावातल्या प्रेमसिंगचा ऑटो घेऊन तिच्या दारात आला आणि एवढंच बोलला, "सकाऊन नाही. आता."

रामीबाई घरी परतली आहे.

मित्रांनो, हे वाचताना तुमच्या पापण्या उघड्या आहेत, तिथे मी काम करतो आहे. माझे आभार मानू नका. घरातल्या माणसाला दवाखान्यात न्याल, तेव्हा संध्याकाळी त्याचं काय होतं तेही सांगा. आणि निघायचंच असेल, तर पहिल्या गाडीची वाट पाहू नका.