थांबण्याची मुदत

बोलणारा थांबला म्हणजे त्याचं बोलणं संपलं असं नसतं, हे धम्मप्रियाला उद्याच्या बैठकीआधी दाखवून द्यायचं होतं.

पूर-भूकंपात साधा मोबाइल वायरलेससारखा वापरता यावा म्हणून देशभरासाठी एकच मानक ठरत होतं. समितीत ती अभियंता होती, आणि सैन्याच्या वतीने कर्नल अमरनाथ. बटण दाबायला हात मोकळा नसेल तर फोन आवाजावर सुरू होई आणि माणूस गप्प झाला की लाइन दुसऱ्याला देई. गप्प म्हणजे किती वेळ? कर्नल म्हणाले, एक सेकंद. जवानाला तेवढा पुरतो.

तिचे वडील रामकिशन सैन्यात सिग्नलचे हवालदार होते. लकवा मारल्यापासून मात्र शब्दाशब्दाला अडत. म्हणून ती चाचणीला उदगीरला आई-बाबांच्या घरी आली. एकेक फोन देऊन बाबांना अंगणात बसवलं, आईला स्वयंपाकघरात.

"पंचशीला, माझा..." लाइन तुटली.

"चष्मा उशीखाली हाय," आई म्हणाली.

"आज कालवणात..."

"मीठ कमीच हाय. डॉक्टरनं सांगितलंय न्हवं?"

धम्मप्रियाने कपाळाला हात लावला. "आई, अशानं चाचणीत काही चुकलेलंच दिसणार नाही."

"चुकलं कुठं? कळलं की मला."

"तुला कळतंय गं. मदतीला आलेल्या परक्या माणसाला कसं कळणार?"

बाबा गालातल्या गालात हसत होते.

शेवटी तिने कर्नलनाच फोन करून दुसऱ्या टोकाला बसायची विनंती केली. ते तयार झाले.

"हवालदार रामकिशन, साहेब. घरात..." लाइन गेली.

"बोला, हवालदार."

"तीन माणसं..." पुन्हा गेली.

"तीन माणसं काय? अडकलीत? जखमी आहेत?"

बाबांच्या कपाळावर घाम आला. आई दारात येऊन उभी राहिली होती. पुढचा शब्द तिच्या तोंडाशी आलेला दिसत होता, पण तिने पदर ओठांवर धरला.

"...सुखरूप," बाबा म्हणाले.

कर्नल म्हणाले, "मी थांबलो असतो, पण यंत्र थांबेना. मॅडम, मुदत वाढवू. मात्र तातडीच्या वेळी जवानाला मध्ये बोलता आलं पाहिजे."

"चालेल, सर. तसं लिहून आणते."

फोन ठेवून ती आईकडे वळली. "तुला शब्द माहीत होता ना?"

"हाव."

"मग बोलली का नाहीस?"

"निरोप त्यांचा होता," आई म्हणाली आणि बाबांचा घाम पुसू लागली.