सोळापैकी चार

ताईने तिचं पॅड कंट्रोलर देऊन टाकल्याचं मला कळलं तेव्हा मी भांडी घासत होते, आणि घासतच राहिले. "कुणाला दिलंस?" मी विचारलं. "नाचाचा वर्ग घेतात त्या बाईंना," ती म्हणाली. मी "बरं" म्हटलं. एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं. आमच्या घरात आरडाओरडा करण्याचं खातं माझ्याकडे होतं, पण त्या दिवसांत ते बंदच पडलं होतं.

बारा वर्षं आम्ही दोघी बहिणी जोडीने डीजेचं काम करतो. मी गाणी निवडते, एकातून दुसऱ्यात नेते. ताई पॅड वाजवते. पॅड म्हणजे एका चपट्या पेटीवरचे सोळा रबरी चौकोन. प्रत्येकात एकेक आवाज भरलेला, कुठे टाळी, कुठे ड्रम, कुठे काच फुटल्याचा आवाज. बोटाने मारलं की तो वाजतो. हळू मारलं की हळू, जोरात मारलं की जोरात. ताईचा डावा हात ठेका धरायचा आणि उजवा सगळे नखरे करायचा. लोक नाचायचे ते माझ्या गाण्यांवर, पण वळून बघायचे तिच्या उजव्या हाताकडे. याचा मला पहिली दोन वर्षं फार राग यायचा, मग सवय झाली.

सात महिन्यांपूर्वी तिच्या मानेची शस्त्रक्रिया झाली. ती यशस्वी झाली असं सगळ्यांनी सांगितलं, आणि उजव्या हाताची बोटं बधिर झाली. नस हळूहळू जागी होईल किंवा होणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. एवढं तर मीही न शिकता सांगितलं असतं. बोटं तिची बधिर झाली होती, पण मलाही कशाचं काही वाटेनासं झालं. कामं उरकत होते, जेवत होते, तिच्या शर्टाची बटणं लावून देत होते. रडू येईल म्हणून वाट बघत होते, तेही आलं नाही.

अशात एका सभागृहाच्या व्यवस्थापिकेचा फोन आला. तीन आठवड्यांनी एका कंपनीचा वार्षिक समारंभ होता. "दोघी याल ना?" त्या म्हणाल्या. "त्यांना तुमची जोडीच हवीय. एकटीचं म्हणाल तर ते दुसरं कुणीतरी बघतील."

मी हो म्हटलं. ताई आतल्या खोलीत होती, दार उघडं होतं, चार पावलांवर. विचारायला गेले नाही. संध्याकाळी सांगितलं तेव्हा ती "बघू" म्हणाली. आमच्या घरात "बघू" म्हणजे नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. तरी मी दुसऱ्या दिवशी दुकानात गेले.

दुकानदार जाड भिंगांचा चष्मा लावणारा, कमी बोलणारा माणूस. परवडेल असं पॅड कंट्रोलर हवंय म्हटल्यावर त्याने तीन पेट्या काढून एका लॅपटॉपला जोडल्या. पहिली आठच पॅडची, खेळण्यासारखी. ती मी बाजूला सारली. दुसरी सोळा पॅडची, स्वस्त, रबर जरा कडक. तिसरीही सोळाच पॅडची, पण मऊ, दिसायला काही खास नाही आणि किंमत दुसरीच्या जवळजवळ दीडपट.

"कोण वाजवणार?" त्याने विचारलं.

"बहीण. तिच्या बोटांत जोर नाहीये. मारलेलं तिला कळतही नाही."

तो विचारात पडला. मीही पडले. माझ्या धडधाकट बोटांनी वाजवून काय समजणार होतं? म्हणून मी कोपऱ्यातल्या बाकावर उजवा हात मांडीखाली घेऊन बसले. दुकानदाराने एकदा बघितलं आणि तारा गुंडाळायला लागला. दहा-बारा मिनिटांनी हात मेला. मी उठले आणि तो लोंबता हात दुसऱ्या पेटीवर आपटायला लागले. काही वाजेना. दुकानदाराने सेन्सिटिव्हिटी, म्हणजे किती हलका मार पकडायचा ते, पार टोकाला नेली, तरी क्वचित एखादा ठोका लागायचा. तिसऱ्या पेटीवर मात्र वाजलं. बारीक, वेडंवाकडं, पण जवळजवळ प्रत्येक वेळी. पुढे हाताला मुंग्या आल्या आणि दोन मिनिटांत तो आधीसारखा झाला. ताईचा असा होत नाही, हे त्या मुंग्या येत असताना माझ्या लक्षात आलं, आणि मी ते तिथेच सोडून दिलं.

"मग तिसरी," दुकानदार म्हणाला.

"दुसरीत काहीच होणार नाही का?"

त्याने दुसऱ्या पेटीवरचं एक बटण दाबलं आणि सेन्सिटिव्हिटी तशीच टोकाला ठेवली. "हे फुल लेव्हल. हे चालू असलं की कसंही मारा, नुसता स्पर्श लागला तरी आवाज पूर्ण येतो. पण मग हळू-जोरात असं काही राहत नाही. सगळं एकसारखं."

"ऐकणाऱ्याला कळतं?"

"नाचणाऱ्यांना? छे."

मी दुसरी घेतली. परवडणारी म्हणून घेतली असं दुकानदाराला सांगितलं, आणि रस्ताभर स्वतःलाही तेच सांगत आले.

घरी आल्यावर जेवणाच्या टेबलावरचं सगळं आवरून पेटी मांडली, स्पीकर जोडला, तिच्या जुन्या आवाजांची फाईल भरली. फुल लेव्हलचं बटण आधीच दाबून ठेवलं. मग ताईला हाक मारली.

ती आली, उभीच राहिली. डाव्या हाताने ठेका धरला. उजवा हात बराच वेळ पोटाशी होता. मग तो तिने उचलून पॅडवर सोडला, ओली चादर दोरीवर टाकावी तसा. खणखणीत टाळी वाजली. तिने पुन्हा टाकला, पुन्हा वाजली. तिच्या तोंडावर हसू आलं. सात महिन्यांत पहिल्यांदा आलं असेल. ते बघून मला आनंद व्हायला हवा होता. झालं ते एवढंच, की एक काम हातावेगळं झालं असं वाटलं.

चार-पाच मिनिटं ती वाजवत होती. मग थांबली. डाव्या हाताच्या करंगळीने एक पॅड नुसतं शिवलं. तीच खणखणीत टाळी. मग मूठ आपटली. तीच टाळी.

"बारके," ती म्हणाली, "तू वाजव."

मी वाजवलं.

"हळू."

मी हळू वाजवलं. आवाज तेवढाच आला.

"याहून हळू वाजव." मग ती माझ्याकडे बघत राहिली. कानाच्या बाबतीत तिला फसवता येत नाही हे मला माहीत होतं. तिला ऐकायचंच नसेल असं मी धरून चालले होते. "कुठलं बटण आहे?"

मी दाखवलं. तिने ते बंद केलं.

कार्यक्रम सुरू करताना ती उजव्या हाताने सोळा ठोक्यांचा एक तुकडा वाजवायची. हलका सुरू होऊन चढत जाणारा. तो तिने वाजवला. हात सोळा वेळा पडला. पहिला ठोका वाजला, सहावा वाजला, अकरावा आणि शेवटचा. बाकीच्या वेळी नुसता रबरावर कातडी घासल्याचा आवाज. मी मोजत होते, तीही मोजत होती.

"चार," ती म्हणाली.

माझा हात बटणाकडे गेला. तिने डाव्या हाताने माझं मनगट धरलं. त्या हातात अजून चांगलाच जोर आहे.

"दुकानात याहून मऊ नव्हतं?"

"होतं."

"त्याच्यावर किती वाजले असते?"

"बरेच."

"मग?"

"महाग होतं," मी म्हणाले. तिने मनगट सोडलं नाही. महाग होतंच. पण त्या समारंभाचं मानधन दोघींचं धरलं तर तो फरक सहज निघाला असता, आणि तो हिशेब तिला माझ्याआधी येतो. "तू परत वाजवशील असं मला वाटलं नाही," मी म्हणाले. "लोकांना तू माझ्या शेजारी उभी दिसलीस की झालं, असं वाटलं."

इतक्या महिन्यांत मला पहिल्यांदा काहीतरी वाटलं आणि ती लाज होती.

"मलाही नाही वाटत," ताई म्हणाली. "पण ते मी ठरवायचं होतं. तू मला विचारलंच नाहीस, बारके. फोन आला तेव्हाही नाही."

तिने मनगट सोडलं, स्पीकर बंद केला आणि पेटी खोक्यात भरायला लागली. तार गुंडाळायला तिला खूप वेळ लागला. मी मदत करायला पुढे झाले नाही. "उद्या बदलून आणू," ती म्हणाली. "मी येते. वाजवून बघते आणि मग सभागृहाच्या बाईंना हो की नाही ते मीच कळवते."

सकाळी मी बाहेरच्या खोलीत आले तेव्हा ती दाराशी खुर्चीत बसली होती, बूट घातलेले, नाड्या तशाच लोंबणाऱ्या. मी सवयीने खाली वाकले, नाडी हातात घेतली, आणि थांबले.

"बांधू?" मी विचारलं.

तिने आपल्या बुटांकडे बघितलं.

"एक बांध," ती म्हणाली.