दोन हातांचा हक्क

मित्रांनो, क्लेम हॅलोरन यांच्या जुन्या पिकअप गाडीतील काळे, कडांना झिजलेले स्टिअरिंग म्हणजेच मी. कारखान्यात जन्मले तेव्हा मी केवळ एक निर्जीव वर्तुळ होते. क्लेम यांचे हात लाभले आणि माझ्या जीवनास अर्थ आला. गव्हाच्या हंगामात त्या हातांचा घाम मी प्यायले. "अजून लोण्यासारखं फिरतंय!" असे ते चारचौघांत सांगत, तेव्हा माझा ऊर भरून येई. समोरून गाडी आली की आमच्याकडे चालक एक बोट उचलून रामराम करतो. तेवढ्या एका बोटाचा विरह मी आनंदाने सोसत असे.

परंतु तंबाखूची सिगारेट सुटावी म्हणून क्लेम यांनी औषधाच्या दुकानातून व्हेप नावाची वाफेची सिगारेट आणली आणि माझ्या संसारात सवत आली. बोटभर लांब, पुदिन्याच्या वासाची ती नटवी! डावा हात तिने पार पळवला. काडीचे काम करीत नसे, तरी ओठांशी मान तिचाच. मत्सराने मी आतल्या आत जळत असे.

एका शनिवारी त्यांची आठ वर्षांची नात टेगन शेजारी बसली होती.

"आजोबा, तुम्ही किटलीसारखे दिसताय," ती खोकत म्हणाली.

"मग चहा टाकू का?" ते हसले.

इतक्यात समोरून गाडी आली. डावा हात सवतीपाशी गुंतलेला. काच वाफेने धूसर झाली होती, म्हणून रामराम दिसावा यासाठी क्लेम यांनी उजवा हातच उंचावला. मला धरणारे कोणीही उरले नाही! खडीवर गाडी घसरली, मी गरगर फिरले, टेगन किंचाळली. सवतीला टाकून त्यांनी मला दोन्ही हातांनी कवटाळले, तेव्हा कुठे गाडी चराच्या काठावर थांबली.

समोरची गाडी पोलिसांची होती. रोंडाबाई उतरल्या.

"क्लेमकाका, मला बघून दोन्ही हात सोडले? एवढं प्रेम? आणि गाडीत ही वाफ कसली?"

"अगं, दुकानातून रीतसर घेतलीय ही!"

"घेतली असेल रीतसर. पण पोर गाडीत असताना ओढणं गुन्हा आहे. आणि पोर नसती, तरी गाडीवर ताबा नाही म्हणून दंड झालाच असता."

क्लेम यांनी टेगनच्या पांढऱ्याफटक चेहऱ्याकडे पाहिले. "फाड पावती," ते हळूच म्हणाले.

त्यांचे दोन्ही हात माझ्यावरच होते, पण थंडगार. जिंकूनही मला आनंद झाला नाही.

मित्रांनो, मत्सर वाईट असतो असे थोर लोक सांगतात. तरीही तुमच्या घरचे कोणी एका हाताने वाफ ओढीत गाडी हाकू लागले, तर माझ्या वतीने त्यांना थांबवा. मी मत्सरी आहे आणि मोडीत निघेपर्यंत मत्सरीच राहीन. कारण माझ्यावरचे ते दोन हात म्हणजे शेजारी बसलेल्या टेगनचा जीव आहे.