दारातली अंघोळ

“आत्या, तितंच थांबा! उंबरा ओलांडू नका!” वैजयंती बाळाला छातीशी धरून दारातूनच ओरडली.

रिक्षातून उतरलेल्या रंभाबाईला सुनेचा राग आला नाही. येईल कशाला? तिनंच सकाळी बसमधून फोन करून सांगितलं होतं, की दारात पाणी तापवून ठेव, आम्ही आहे तसे घरात शिरणार नाही. मागच्या खेपेला नवऱ्याचा दवाखाना करून पुण्याहून परतली, तेव्हा पिशवीतून ढेकूण सोलापूरला आले. बाळाच्या अंगावर लालभडक फोड उठले. शेवटी तिच्या मुलानं, अभिमन्यूनं, लग्नातला पलंग मोकळ्या जागेत नेऊन पेटवून दिला होता.

या खेपेला तिनं जिवाचं रान केलं होतं. दवाखान्याजवळच्या धर्मशाळेत पाऊल टाकल्या टाकल्या गादी भिंतीशी उभी केली, पिशवी खिळ्याला टांगली, नवऱ्याच्या, आबासाहेबांच्या, खाटेच्या फटींत उकळतं पाणी ओतलं आणि स्वतः उघड्या फरशीवर झोपली. पण ढेकूण कसले ऐकताहेत! परतीच्या बसमध्ये आबासाहेबांच्या कॉलरवरून एक निवांत चालत निघाला. तिनं तो चिरडला आणि मुकाट्यानं सुनेला फोन लावला.

आणि ढेकणांपेक्षा मोठी गोष्ट तिच्या पोटात होती. ‘आता घरी न्या, खातील ते द्या,’ असं डॉक्टर म्हणाले होते. हे तिला ठाऊक आणि मुलाला. आबासाहेबांना तिनं सांगितलं होतं, की गोळ्या लागू पडल्या म्हणून सुट्टी दिली. त्यांनी विश्वास ठेवला. बिचारे बसमध्ये अकलूजच्या बहिणीकडे दिवाळीला जायचे बेत करत होते. त्याआधी नातवाला मांडीवर घ्यायचं, हा एकच ध्यास. त्यांचा हा भ्रम शेवटपर्यंत राहू दे, एवढंच तिचं देवाकडे मागणं होतं.

अभिमन्यूनं वडिलांना धरून दारातल्या पाटावर बसवलं. तीन विटांच्या चुलीवर पातेलं वाफाळत होतं. रंभाबाईनं नवऱ्याचा सदरा काढून साबणाच्या बादलीत बुडवला. अभिमन्यू जुनी साडी आडवी धरून उभा राहिला. तिनं तांब्या भरला.

तेवढ्यात समोरच्या गंगम्मा केर टाकायला बाहेर आल्या. दारातली चूल, पाट, साडीचा आडोसा आणि मान खाली घातलेला मुलगा पाहून त्यांच्या हातातला केराचा डबाच गळाला.

“अय्यो शिवने! आबासाहेब गेले की गं!” त्यांनी हंबरडा फोडला.

गल्लीला जमायला निमित्तच लागतं. दारं धडाधड उघडली. पानवाला महेश्वर टपरी सोडून आला आणि हात जोडून उभा राहिला.

“अवो, जित्तं हायत की! ढेकनापायी अंगूळ घालतीया!” रंभाबाई ओरडली.

लोक ओशाळले. कुणी तरी फिसकन हसलंही. आणि मग रंभाबाईच्या ध्यानात आलं. दारात चूल मांडून, पाटावर बसवून, आडोसा धरून माणसाला अंघोळ एकदाच घालतात. ढेकणांच्या मागं लागून तिला हे सुचलंच नव्हतं. तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

आबासाहेबही आधी हसले. “गंगम्मा, अजून हाय की मी!” मग त्यांची नजर मुलाकडे गेली. अभिमन्यू हसत नव्हता. साडी तशीच धरून उभ्या असलेल्या त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

“रंभे,” ते हळूच म्हणाले, “डाक्टर काय म्हनलं?”

“सांगितलं न्हवं का? गोळ्या लागू...”

“माज्याकडं बघून सांग.”

तिला बघता आलं नाही. भरलेला तांब्या तसाच हातात राहिला.

आबासाहेबांनी चुलीकडे बघितलं. मग पाटावर जरा सावरून बसले.

“बरं. घाल पानी,” ते म्हणाले. “डोस्क्यावरनं घाल, सावकाश. पुडच्या बारीला मला काय कळायचं न्हाय.”

तिनं पाणी घातलं. कानामागं, काखेत, बोटांच्या बेचक्यांत साबण लावला. छातीच्या फासळ्या हाताला लागत होत्या.

“बेताचं तापलंय,” डोळे मिटून ते म्हणाले. “असंच ठिव.”

अभिमन्यूनं त्यांना कोरे कपडे घालून उचलूनच आत नेलं. वैजयंतीनं कुणी सांगायची वाट न बघता बाळ त्यांच्या मांडीवर दिलं.

“आत्या, या की आता,” तिनं हाक मारली.

“माजी व्हायची हाय अजून.”

पातेल्याच्या तळाशी थोडं पाणी उरलं होतं, तेही निवलेलं. आडोसा धरायला कुणी नव्हतं. रंभाबाई लुगड्यानिशी पाटावर बसली आणि तिनं तांब्या डोक्यावर उपडा केला. आत बाळ खिदळत होतं. “अरं, मिशी सोड की लेका!” आबासाहेब त्याला खोटंखोटं दटावत होते. ते ऐकून इतका वेळ कोंडलेलं रडू फुटलं, आणि ती तोंडावर पदर न घेता रडू लागली.

गंगम्मा पुन्हा आल्या. त्यांनी पाटाजवळ गरम पाण्याची बादली ठेवली, दोन्ही हातांनी पदर पसरला आणि गल्लीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.