माहेरची वाट

जहांआराने मनकर्णाबाईच्या नाकातोंडावर जाळीची टोपी ठेवली आणि टोपीवरच्या फडक्यावर क्लोरोफॉर्मचा पहिला थेंब सोडला.

"मावशी, माहेरची वाट सांगत राह्य. गावामागून गाव."

भूल देताना रोग्याला आकडे मोजायला लावायचे, ही डॉक्टर हिंमतरावांची शिस्त. पण खेड्यातल्या बायांचे आकडे विसाच्या आतच संपत. माहेरची वाट मात्र कोणी विसरत नाही. ही युक्ती जहांआराला चार वर्षं नर्स म्हणून उशाशी बसून सुचलेली.

"धामनगाव... मोताळा... राजूर... बुलढाना..." आवाज जडावला. "चिखली..."

तिचं माहेर, अमडापूर, काही आलं नाही. डॉक्टरांनी पोटातल्या गाठीसाठी सुरी उचलली. सकाळपासूनचं हे तिसरं ऑपरेशन. दोघंही थकली होती.

खिडकीत जहांआराने भरलेला नागपूरच्या मेडिकल शाळेचा फॉर्म पडला होता, सहीवाचून. आज संध्याकाळच्या मोटारीने गेला तर गेला. "डॉक्टर होऊन कोणी भूल देत बसत नाही, ते नर्सचं काम," असं डॉक्टर कालच म्हणाले होते. "अन् तुझ्यासारखा हात जिल्ह्यात नाही." ती स्तुती तिला गोड लागली होती, हेही खरंच.

जबड्याखाली ठेवलेल्या बोटांना नाडी लागेना.

"थांबा, डॉक्टरसाहेब."

"दोन मिनिटं."

"नाडी बुडून राह्यली. थांबा."

"गाठ हाती आली आहे. डॉक्टर मी आहे ना?"

तिने टोपी भिरकावली आणि म्हातारीचा जबडा वर उचलून धरला. डॉक्टरांचे हात चालूच होते. किती वेळाने कोण जाणे, बोटांखाली बारीकशी नाडी परतली.

दुपार कलल्यावर मनकर्णाबाईने डोळे उघडले. डॉक्टर पायथ्याशी उभे होते, दमलेले पण खुशीत.

"पोचली का अमडापूरले?" जहांआराने विचारलं.

"वेस दिसून राह्यली होती, माय. मेलेला बाप उभा होता, बलावत. पन तू मांगून थांबा म्हनली. म्हून थांबले."

जहांआराचे डोळे भरून आले. ती उठली आणि खिडकीतल्या फॉर्मवर तिने सही केली.

"म्हणजे सुरीच धरायची ठरवलीस?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही जी. उशाशीच बसन, भूलच देईन. पन डॉक्टर होऊन." तिने ओल्या शाईवर फुंकर घातली. "आज माह्यं ऐकून एकच जन थांबलं, साहेब. अन् ते बी बेसुध."