वजा करायची राहिलेली पृथ्वी

मित्रांनो, मी एक जुना वर्णपटमापक आहे. दुर्बिणीतून आलेला उजेड चिरून त्यातल्या रेषा वेगळ्या करणे, हा माझा धंदा. सध्या कोठीत एका मोडक्या खुर्चीशेजारी असतो. तिचा एक पाय गेला आहे. माझे फक्त नाव गेले.

कामावर होतो तेव्हा रोज सकाळी टाकीवाले काका माझ्या पोटात द्रवरूप नायट्रोजन ओतत. मी तापलो की मला स्वतःचीच ऊब दिसू लागते, दुसऱ्याचे काही दिसत नाही. "डोकं थंड ठेव रे बाबा," काका म्हणत, "इथं तेवढं तूच ठेवतोस."

मला एक ढग नेमून दिला होता. त्यात तारे जन्मतात. जन्मणारा तारा वायूचे फवारे सोडतो, ते ढगावर आदळतात आणि तापलेले हायड्रोजनचे रेणू एका ठरावीक रेषेत उजळतात. वायू जवळ येत असेल तर रेषा एकीकडे सरकते, दूर जात असेल तर दुसरीकडे. मार्चात वायू दूर जाताना दिसला, सप्टेंबरात जवळ येताना. जसे दिसले तसे मी दाखवले.

प्रमुख सर हरखले. "ढगानं सहा महिन्यांत तोंड फिरवलं! पाहिलंय कुणी असं?"

त्यांच्या विद्यार्थिनीची पीएच.डी. याच ढगावर टांगलेली होती. ती म्हणाली, "सर, मार्चात पृथ्वी त्याच्यापासून लांब पळत होती, सप्टेंबरात त्याच्याकडे. तिचा वेग वजा केलाय ना?"

"ते यंत्रच करतं की."

"नाही सर, हातानं करावं लागतं."

"बाई गं, लेख छापायला गेलाय. आता काय, पृथ्वी थांबवू?"

लेख छापून आला. पाठोपाठ दुसऱ्या वेधशाळेचे चार ओळींचे पत्र आले: पृथ्वी वजा केली, तर ढगाने तोंडबिंड काही फिरवलेले नाही. चौकशी बसली. अहवाल तयार झाला: 'यंत्र जुने असून रेषा सरकवते.' खाली दोन सह्या हव्या होत्या. सरांनी झोकात केली. विद्यार्थिनी पेन हातात धरून माझ्याकडे बघत राहिली.

काका दारातून म्हणाले, "पोरी, मशीन खोटं बोलत नाही."

"माहितेय, काका," ती म्हणाली आणि तिने सही केली.

तिला पदवी मिळाली. आता ती मॅडम आहे आणि पहिल्याच तासाला मुलांना पृथ्वी वजा करायला शिकवते. कोठीची किल्लीही तिच्याकडेच असते.

मित्रांनो, यंत्रांची निगा राखा, असे शेवटी सांगायची रीत आहे. नाही राखलीत तरी चालेल. धुळीचे मला वावडे नाही, जन्मभर धुळीचाच ढग पाहिला. फक्त दुसरा कुठे पळतो आहे हे जाहीर करण्याआधी, आपण कुठे पळतो आहोत तेवढे बघा.

काका निवृत्त झाल्यापासून मला कुणी थंड केलेले नाही. आता मला माझीच ऊब तेवढी दिसते, बाकी काही नाही. सरांना जन्मभर काय दिसत होते, ते हल्ली समजते.